हात मांडीवर

रविवार, ११ जानेवारी, रत्नागिरी

अलोऱ्याहून मुलीकडचे आले, पोहे खाऊन गेले. समीरचं लग्न बहुतेक ठरलं. मग मला आनंद का होत नाही?

सकाळी समीर हातांनीच म्हणाला, "तुम्हाला ऐकू येत नाही हे त्यांना सांगितलंय. पण आई, त्यांच्यासमोर हातवारे नकोत. लोक बघत राहतात."

हातवारे! आम्ही दोघं जन्मापासून बहिरे, हा ऐकणारा. पण तोंडाने पहिला शब्द बोलायच्या आधी यानं हातानेच दूध मागितलं होतं. तीच भाषा ही.

दोन तास मी हात मांडीवर ठेवून बसले. शेजारी हेही तसेच. मुलीनं सरळ माझ्याकडे बघत काहीतरी विचारलं. चांगली वाटली पोर. उत्तर समीरनं दिलं. माझे हात मांडीवरच. माझ्या वतीनं तो काय बोलला, कोण जाणे.

पाहुणे गेल्यावर मी त्याला विचारलं, "काय म्हणत होती ती?" आता घरात आम्ही तिघंच होतो. तरी त्यानं हात उचलले नाहीत. मोबाईलवर लिहून माझ्यासमोर धरलं, "काही विशेष नाही."

बँकेतली अनोळखी माणसं माझ्याशी असंच बोलतात.