प्लायवूडच्या पलीकडून

प्रिय पिंजू,

तुझं पत्र मिळालं. फोनवर आपलं बोलणं 'जेवलात का' आणि 'गोळ्या घेतल्यात का' याच्या पुढे सरकत नाही, म्हणून तू लिहिलंस ते बरं केलंस. मलाही लिहिणंच सोपं जातं. तू दोन गोष्टी लिहिल्या आहेस. एक म्हणजे गाद्यांचा कारखाना त्या मोठ्या कंपनीला विकून मी तुमच्याकडे राहायला यावं, आणि जावईबापूंनी त्यांच्या माणसाशी बोलूनही ठेवलं आहे. दुसरी म्हणजे या कारखान्याने तुझ्या आईला खाल्लं, शेवटच्या दिवसांतसुद्धा आम्ही धंद्यावरून भांडत होतो, आणि ते तू स्वतःच्या कानांनी ऐकलंस. पहिल्या गोष्टीचं उत्तर 'नाही' असं आहे. दुसरीचं उत्तर एवढं आखूड नाही. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

तुला आठवतो तो कारखाना बराच मोठा झाल्यानंतरचा. सुरुवातीला एकच खोली होती. पुढे एक टेबल, दोन खुर्च्या आणि नमुन्याची एक गादी. मागे कापूस, खोळी, सुया, दोरे आणि मी. मधे प्लायवूडचा पडदा. मला गादी करता येते, बोलता येत नाही. गिऱ्हाइकाने 'कधी मिळेल?' असं साधं विचारलं तरी मी स्वतःच्या बोटांकडे बघत बसायचो, आणि गिऱ्हाईक निघून जायचं. तुझ्या आईचं अगदी उलट. ती दगडालाही बोलतं करायची, पण कुठल्या गादीला किती दिवस लागतात हे तिला सुरुवातीला सांगता यायचं नाही. मग आम्ही एक युक्ती काढली. ती पुढे बोलायची आणि मी मागे काम करता करता ऐकायचो. काम जमणार असेल तर कात्रीच्या मुठीने प्लायवूडवर एक ठोका. जमणार नसेल तर दोन. त्याप्रमाणे ती गिऱ्हाइकाला शब्द द्यायची. एकदा एकजण म्हणाला, "मागे उंदीर झालेत वाटतं." तुझी आई म्हणाली, "एकच आहे. मोठा आहे, पण कामाचा आहे." मी मागे तोंडात खोळ कोंबून हसत होतो.

आपला धंदा वाढला तो एका घोटाळ्यामुळे. तू तेव्हा रांगत होतीस. दिवसभर पिंजलेल्या कापसात लोळायचीस आणि संध्याकाळी केसांतून कापूस वेचून काढताना आईला नाकी नऊ आणायचीस, म्हणून तर तू पिंजू. तर एका वसतिगृहाचे व्यवस्थापक आले. त्यांना सगळ्या खोल्यांसाठी नव्या गाद्या हव्या होत्या, त्याही शाळा सुरू व्हायच्या आत. आम्ही दोघंच माणसं. मी सरळ दोन ठोके दिले. पण पहिला ठोका पडला आणि दुसरा पडायच्या आत तुझी आई म्हणाली, "होईल की!" दुसरा ठोका मी इतक्या जोरात मारला की तिच्या डोक्यावरचं कॅलेंडर खाली पडलं. व्यवस्थापक दचकले. ती म्हणाली, "आमच्याकडे काम असं दणक्यात चालतं." ते गेल्यावर मी तिच्याशी बोललो नाही, म्हणजे एरवीपेक्षाही कमी बोललो. पण शब्द गेला होता. गल्लीतल्या चार बायकांना तिने शिवायला बसवलं, मी त्यांना टाके शिकवले, आणि गाद्या वेळेवर गेल्या. त्या चौघींपैकी एक, आपल्या मावशी, अजून आपल्याकडे आहेत. पुढे कितीतरी वर्षांनी तुझ्या आईने कबूल केलं की दुसरा ठोका येणार हे तिला ठाऊक होतं. "पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे जेवढी जागा होती तेवढ्यातच मला बोलायचं होतं," असं म्हणाली.

आपण नव्या शेडमध्ये आलो तेव्हा मिस्त्रीने पुढच्या बाजूला काचेची केबिन सुचवली होती. आधुनिक दिसेल म्हणाला. तुझी आई म्हणाली, प्लायवूडच हवं. मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, वहिनींना समजवा जरा." मी मान हलवली आणि प्लायवूडच लागलं. तू लिहितेस की आईला आयुष्यात स्वतःचं असं काही करता आलं नाही, सगळं या गाद्यांत गेलं. पिंजू, तसं नव्हतं. मागच्या वर्षी शेजारची शेड रिकामी होणार हे कळल्यावर रात्रीचं जेवण टाकून ती पावलांनी ती शेड मोजायला गेली होती. कुठे शिलाईची मशिनं, कुठे तयार माल, खिडकी कुठे फोडायची, सगळं तिने ठरवून टाकलं होतं. मला विचारलं का? विचारलं. जेवणाच्या टेबलावर चमच्याने. मीही चमच्यानेच एक ठोका दिला. तू तेव्हा समोर होतीस. "आईबाबा, काय पोरखेळ आहे हा," म्हणालीस.

आई गेल्यानंतर पहिले काही दिवस पुढची खुर्ची रिकामीच होती. गिऱ्हाईक यायचं, आत डोकावायचं, जायचं. मी मागे शिवत बसायचो. एके दिवशी मावशी आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काका, पुढे कोण बसणार? आम्ही बारा जणी हात चालवतोय, पण तोंड कोण चालवणार?" मी म्हटलं, बघू. "बघू काय बघू? गिऱ्हाईक काय कापूस आहे, नुसतं चाचपून बघायला? उठा!" आणि माझ्या हातातली सुई काढून घेतली. मी उठलो, दुसरं काय करणार.

त्या दिवशी पहिली आली ती एक तरुण मुलगी, बाळंतपण जवळ आलेली. तिला पाळण्यातली छोटी गादी हवी होती. मी घसा खाकरला आणि बोलायला लागलो ते थांबेचना. कापूस कसा हवा, फार मऊ का नको, बाळाची पाठ कशी असते, खोळ कशी धुवायची, उन्हात किती ठेवायची. मागे शिवणाऱ्या बायकांची मशिनं थांबली. शेवटी ती मुलगी म्हणाली, "काका, मला गादी हवीय, डॉक्टर नको." सगळ्या हसल्या, मीही हसलो. पण गादी तिने सांगितली आणि ठरल्या दिवशी घेऊनही गेली. परवा ती पुन्हा आली, बाळाला दाखवायला. तुझ्या आईला गिऱ्हाइकं अशी परत येऊन भेटायची. मला हे पहिल्यांदाच झालं.

काल कंपनीचा माणूस आला होता. जावईबापूंची काही चूक नाही, त्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं असणार. माणूस सभ्य होता. कारखान्याचं नाव तेच ठेवू, बायकांपैकी निम्म्या घेऊ, तुम्ही आराम करा, असं म्हणाला. मी त्याला सांगितलं, विकायचं नाही. तो म्हणाला, या वयात एकट्याने कसं झेपेल? मी म्हटलं, एकटा नाही, बारा जणी आहेत आणि आता शेजारची शेडही घेतोय. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय. मी त्याला चहा पाजला आणि पुन्हा तेच सांगितलं. दोन्ही वेळा वाक्य पुरं झालं. शेडच्या मालकाला मी आजच होकार कळवला आहे. पुढच्या महिन्यात खिडकी फोडायला माणसं येतील.

आता तुझी दुसरी गोष्ट. तू लिहितेस की त्या दुपारी तू दवाखान्यात डबा घेऊन आलीस, दाराशी आईचा आवाज ऐकलास, "जमत नसेल तर बंद करा हे दुकान, माझा वेळ कशाला फुकट घालवता!" आणि डबा बाकावर ठेवून तशीच परत गेलीस. बाकावरचा डबा मला सापडला होता. तू घाईत असशील असं वाटलं. तू इतके महिने हे मनात घेऊन बसली आहेस हे तुझ्या पत्रातून कळलं, आणि म्हणून आज मी लिहायला बसलो. पिंजू, ते भांडण नव्हतं. आई गिऱ्हाईक झाली होती. आपण आता घरी जाणार नाही हे तिला माझ्या आधी कळलं होतं. तेव्हापासून रोज दुपारी ती मला पलंगाशेजारच्या स्टुलावर बसवायची आणि वेगवेगळी गिऱ्हाइकं होऊन माझ्याशी बोलायची. कधी कंजूष, कधी गोडबोली, कधी बहिरी. मी अडखळलो की म्हणायची, पुन्हा. नर्स आम्हाला वेडे समजत होती. त्या दुपारी ती एका मोठ्या हॉटेलची तापट मालकीण होती, आणि आठवड्यात चाळीस गाद्या मागत होती. मी नेहमीसारखा बोटांकडे बघत बसलो, म्हणून ती ओरडली. तू तेवढंच ऐकलंस आणि गेलीस. त्यानंतर मी मान वर करून म्हणालो, "बाई, आठवड्यात होणार नाही. चांगली गादी हवी असेल तर दोन महिने लागतील. घाई असेल तर दुसरीकडे बघा." इतकं लांब आणि इतकं सरळ मी कुणाशीच कधी बोललो नव्हतो. ती उशीला टेकली. दमली होती, तरी मालकिणीचा तोरा तिने सोडला नाही. म्हणाली, "बरं, करा मग. दोन महिन्यांनी येईन मी न्यायला."

तुझाच,
बाबा