फुकट गेलेल्या सकाळींची वही

प्रिय ठमे,

चौतिसाव्या वर्षी ठमी म्हटलेलं तुला आवडत नाही, ठाऊक आहे. पण तुझं कागदावरचं नाव लिहायला घेतलं की शाळेच्या बाईंना चिठ्ठी लिहितेय असं वाटतं आणि पुढचं काही सुचत नाही. आज सुचायलाच हवं. तुझं पत्र सोमवारी आलं. चारच ओळींचं. हवेचा अंदाज द्यायचं काम सोडून तू जुन्या नोंदींच्या विभागात जाणार, अर्ज दिलास, आणि तुझ्या साहेबांनी "एकदा नीट विचार कर" म्हणून तो तीस तारखेपर्यंत बाजूला ठेवलाय. "घरचा माणूस माझं ऐकत नाही, तर परक्यांनी का ऐकावं?" असं लिहिलंस. आणि खाली, "बाबांचा विषय यापुढे माझ्याकडे काढू नकोस." फोन करता आला असता. पण फोनवर तू मध्येच बोलशील, मग मी थांबेन, आणि एकदा थांबले की पुन्हा सुरू व्हायची नाही. म्हणून लिहिते. शेवटपर्यंत वाच, एवढंच मागते.

इकडचं म्हणशील तर विशेष काही नाही. चष्म्याचं दुकान आता तुझ्या बाबांचे कारागीरच बघतात. काचा घासणारा माणूस गल्ल्यावर बसला की अवघडतो. गिऱ्हाईक आलं की ते अजून बाबांच्या खुर्चीकडे बघतात आणि मग स्वतःच उठतात. अक्षरांचा तक्ता तोच आहे. परवा माझा नंबर तपासला. काचा बदलत विचारत होते, "आता स्पष्ट, की आधी?" मला पुढचं वाचवेना. त्यांना वाटलं नंबर वाढला. टेकडीसमोर धुक्यात उभं राहून बाबा हेच विचारायचे, तुला माहीत आहे का? तिवईवर कॅमेरा चढवलेला, समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काही नाही, आणि हे माझ्याकडे वळून दुकानातल्या आवाजात, "बाई, आता स्पष्ट, की आधी?" मी म्हणायची, "डॉक्टर, दोन्ही सारखंच." मग दोघं हसायचो. त्या धुक्यात दुसरं करण्यासारखं काही नसायचंही.

तू शाळेत होतीस तेव्हा दोनतीनदा आलीस आणि कंटाळलीस. पुढे आम्ही दोघंच जायचो. दुकानाला मंगळवारी सुट्टी, म्हणजे सूर्याला काय दाखवायचं ते मंगळवारीच दाखवायला हवं, आणि त्याला बाकीचे सहा दिवस सोयीचे. ती बोडकी टेकडी तुला आठवत असेल. तिच्यावर बकऱ्यांच्या पायवाटा आहेत. एरवी दिसतसुद्धा नाहीत. पण थंडीच्या दिवसांत सकाळचं ऊन अगदी तिरपं आलं की साऱ्या वाटा उठून येतात, तळहातावरच्या रेषांसारख्या. दहाबारा मिनिटं. मग ऊन वर चढतं आणि टेकडी पुन्हा बोडकी. गाडी रस्त्याच्या कडेला लावायची, दगडांवरून ओढा ओलांडायचा आणि पलीकडच्या उंचवट्यावर थांबायचं. एकोणीस वर्षं थांबले बाबा. कधी ढग, कधी धुकं, कधी वारा इतका की कॅमेऱ्याला घट्ट धरून उभं राहावं लागे. एकदा आभाळ लख्ख होतं, तर बाबा नवीन रीळ घरी विसरले होते. पुढे रिळं गेली, तर त्या नव्या कॅमेऱ्याची बॅटरी संपलेली. हात हलवत परत यायचो. मनासारखा फोटो एकदाही मिळाला नाही. आता मिळायचाही नाही.

आणि ठमे, मी वाचायला शिकले ती त्या फुकट गेलेल्या सकाळींत. सातवीत शाळा सुटली तेव्हापासून वाण्याच्या यादीपलीकडे मी काही वाचत नव्हते. बाबांच्या शेजारी उभी राहून बडबडायची. एक दिवस त्यांनी वाचनालयातून एक पुस्तक आणून माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाले, "गाडीत बस आणि हे वाच. तू बोललीस की माझी तिवई हलते." ते पहिलं पुस्तक संपायला अकरा मंगळवार लागले. नंतर चटक लागली. आभाळ उघडं असलं की बाबा मला बोलावून घ्यायचे, हे बघ, ते बघ, ही सावली बघ. ढगाळ असलं की गाडीच्या काचा धुक्यानं भरायच्या आणि मला दोन तास कोणी हाक मारायचं नाही. बाबा ओढ्यापलीकडे उन्हाची वाट बघत असायचे आणि मी अलीकडे, ऊन येऊ नये म्हणून. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मग तू अंदाजाच्या टेबलावर बसायला लागलीस आणि आपलं ते ठरलं. टेकडीवर रेंज नाही म्हणून बाबा मोबाइल घरीच ठेवायचे, तोही बंद करून. तुझी रात्रपाळी असली की तू मंगळवारी साडेपाचला घरच्या फोनवर कळवायचं, तेसुद्धा हवा वाईट असली तरच. फोन वाजला तर बूट काढायचे. नाही वाजला तर निघायचं. बाबा तुझी थट्टा करायचे ते तुला लागायचं, हे मला दिसत होतं. "आमच्या वेधशाळेनं ऊन सांगितलंय, छत्री घे गं बरोबर." "पोरीनं आज घरी बसवलं, आता बघ कसं ऊन पडतंय." तू हसायचीस, पण तोंड उतरायचं तुझं. आणि फोन आलेल्या दिवशी बाबा घरी काय करायचे ते तू पाहिलेलं नाहीस. बूट काढायचे, पण कपडे बदलायचे नाहीत. बाहेरच्या पॅन्टवर घरभर फेऱ्या. गॅलरी, स्वयंपाकघर, पुन्हा गॅलरी. फ्रीज उघडून आत काय आहे ते बघायचं आणि न घेता बंद करायचा. कॅमेऱ्याच्या काचा जेवणाच्या टेबलावर मांडून पुसत बसायचं आणि दर पाच मिनिटांनी "अगं, ऐकलंस का?" त्या दिवशी माझं एक पान पुढे सरकायचं नाही.

आता त्या मंगळवारचं लिहिते. दोन दिवस पेन इथंच अडून बसलंय.

माझा गुडघा धरला होता म्हणून मी जाणार नव्हते. बाबा सामान घेऊन खाली गेले होते, गाडीत ठेवत होते. माझ्याकडे एक जाड कादंबरी होती, एका दाईची गोष्ट, तिची शेवटची सत्तर पानं राहिली होती. दिवसभर घर रिकामं मिळणार म्हणून मी आदल्या संध्याकाळपासून खुशीत होते. फोन वाजला. तू म्हणालीस, "आई, बाबांना सांग, आज नको." एवढंच म्हणाली असतीस तर आज माझ्याकडे एक सबब असती. पण तू पुढे बोललीस. वरच्या अंगाला रात्रीपासून पाऊस आहे, ओढ्याला पाणी येईल, पलीकडे जाऊ नका म्हणावं. मी सगळं ऐकलं. मी म्हणाले, "सांगते." फोन ठेवला आणि खिडकीशी गेले. बाबांना घंटी ऐकू गेली होती. खालून ओरडले, "काय गं, वेधशाळा का?"

मी म्हणाले, "नाही हो, राँग नंबर."

त्यांना इतका आनंद झाला, ठमे. बॉनेटवर थाप मारली आणि मला हात केला.

माझ्या मनात काय होतं, ते तू विचारशील. काहीच नव्हतं. एकोणीस वर्षं ते तो ओढा ओलांडत होते. मला वाटलं, भिजतील, चिडतील, नेहमीसारखे हात हलवत परत येतील. मी चहा केला आणि खिडकीशी खुर्ची घेऊन बसले. आठाच्या सुमारास इथंही पाऊस सुरू झाला. मी खिडकी लावली, खुर्ची आत ओढली आणि मनाशी म्हणाले, आता निघतील, पण पोचायला दीड तास तरी लागेल. तेवढ्यात किती पानं होतील याचा अंदाज केला. साडेनऊ झाले, दहा झाले. बरं झालं, अडकले कुठंतरी, असं वाटलं मला. पावणेबाराला पुस्तक संपलं. शेवटी ती दाई मरते, आणि तिच्या हातून जन्मलेली माणसं तिला ओळखत नाहीत. मी तोंडाला रुमाल लावून रडले. तेवढ्यात बेल वाजली. दारात पोलीस शिपाई होता. माझे डोळे बघून त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "म्हणजे ओढ्याचं तुम्हाला आधीच कळलंय." मी मान हलवली. सगळे सांगतात, ती माऊली किती शांतपणे सामोरी गेली. मी कागदातल्या बाईसाठी रडून मोकळी झाले होते. तुझ्या बाबांसाठी त्या दिवशी माझ्याकडे पाणी उरलं नव्हतं.

संध्याकाळी तू आलीस. चपलाही काढल्या नव्हत्यास आणि पहिलं विचारलंस, "माझा निरोप दिलास ना?" मी म्हणाले, "दिला गं. ऐकलं नाही." त्या चार शब्दांवर तू चौदा महिने त्यांच्यावर रागावून आहेस. "हट्टी माणूस," म्हणालीस. "मरायची वेळ आली तरी माझं ऐकायचं नाही." काकांसमोर म्हणालीस, मावशीसमोर म्हणालीस, आणि मी दर वेळी तिथेच बसून चहा ओतत होते. त्यांचा एक फोटो घरी ने म्हटलं तर नको म्हणालीस. ते पुस्तक परत करायला गेले तेव्हा वाचनालयातल्या बाईंनी विचारलं, "आवडलं का?" मी म्हणाले, "शेवट चांगला आहे." त्यानंतर मी पुस्तक उघडलेलं नाही. डोळे पानावर जातात आणि कान खिडकीकडे. खालून कोणीतरी "वेधशाळा का?" म्हणून विचारेल असं वाटतं. या वेळी खरं सांगायचं म्हणून मी तयार असते. कोणी विचारत नाही.

तुझं पत्र आल्यावरसुद्धा मी गप्पच बसणार होते. नोंदींचं काम तरी काय वाईट, वेळेवर जेवशील, रात्रपाळ्या टळतील, असं स्वतःला समजावलं. तू एकच उरलीस मला, आणि हे कळल्यावर तू माझं तोंड बघणार नाहीस, बघूही नयेस. पण बुधवारी खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी गाडी हलवायला सांगितली. पोलिसांकडून आल्यापासून ती आच्छादनाखालीच होती. कागद शोधायला पुढचा कप्पा उघडला तर बाबांची वही. वर लिहिलंय, "फुकट गेलेल्या सकाळी." टेकडीशी पोचल्यावर गाडीतच ते काहीतरी खरडायचे, हे मला माहीत होतं; मी माझ्या पुस्तकात, मी कधी विचारलं नाही. सगळे मंगळवार आहेत त्यात, न गेलेलेसुद्धा. तुझे फोन तेवीस वेळा आलेत. तेवीसही वेळा लिहिलंय, "ठमीचा फोन. गेलो नाही." आणि खाली दुसऱ्या शाईत, नंतर कधीतरी, "दुपारी कोसळला. पोरगी बरोबर." "वारा सुटला. पोरगी बरोबर." दोनदा तू चुकलीस, लख्ख ऊन पडलं, तिथं लिहिलंय, "पुढच्या वेळीही ऐकायचं." थट्टा करणारा माणूस हा. वही या पत्रासोबत पाठवते. पुढे मला फोन करू नकोस वाटलं तर करू नकोस. शेवटचं पान मात्र तीस तारखेच्या आत बघ. अक्षर त्यांचंच आहे, घाईतलं नाही, अगदी सावकाश काढलेलं: "मंगळवार, पावणेसात. ढग आहेत. पण ठमीचा फोन नाही, म्हणजे उघडणार. पलीकडे जाऊन थांबतो."

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
आई