मेथीच्या लाडवांचा डबा

शिवाजी पेठ, कोल्हापूर
गुरुवार, दि. १६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. संयोगिता हिस आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला बसले आणि पहिली ओळच सुचेना. शाळेत 'आम्ही इकडे खुशाल आहोत' असं लिहायला शिकवायचे, तेच लिहिते. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुझ्या पप्पांचा गुडघा थंडी पडायच्या आधीच कुरकुरायला लागलाय, पण तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचं काही चुकत नाही. शेजारच्या मदिनाभाभीच्या नातीला, कशिशला, दोन दात आलेत आणि ती दिसेल त्याला चावते. काल माझं बोट धरलं ते सोडेचना.

दिवाळीच्या ऑर्डरी यंदा लई आहेत. भाभी सोऱ्या फिरवते, मी तळते, आणि दोघींच्या तोंडाचा पट्टा चालूच. चकली यंदा छान खुसखुशीत झालीय. चिवड्याला पोहे जरा जाड मिळाले. कानवले अजून व्हायचेत.

उद्या सकाळी तुझा दीर आदर्श डबे न्यायला येणार. तुझ्या सासूबाईंनी सांगितल्याप्रमाणे एकवीस डबे भरून, वर चिठ्ठ्या लावून ठेवलेत. बाविसावा हा मेथीच्या लाडवांचा, तुझा. मेथीच्या लाडवाला तुमच्या घरात कोणी बोट लावत नाही, तूच म्हणाली होतीस. म्हणून वर लाडू, खाली कागद, आणि कागदाखाली प्लास्टिकच्या पिशवीत हे पत्र. फोनवर तू स्पीकर लावून बोलतेस. लावतेस की लावायला लावतात, हे मी आजपर्यंत विचारलं नाही.

बघ, चिवडा आणि कानवले यांत अर्धं पान घालवलं. जे लिहायला बसले ते हातातून उतरत नाही.

नागपंचमीचं बोलायचंय, संयू.

तू पंचमीला आलीस, तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आई, मी आता जाणार न्हाय." मी कढईपुढं होते. तू म्हणालीस, मारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत, पण सकाळी उठल्यापासून मी काय आणलं नाही तेवढंच ऐकवतात. औषधाच्या दुकानातली नोकरी सोडायला लावली. मोबाईल सासूबाईंच्या उशाखाली असतो. जावई विश्वजितराव खाली मान घालून जेवतात आणि उठून जातात. एवढं सगळं तू सांगितलंस आणि मी मान वर केली नाही. घाणा करपेल म्हणाले.

घाणा करपत नव्हता. कढईखालचा गॅस मी केव्हाच मंद केला होता. मला शब्दन् शब्द ऐकू आला होता.

मग मी काय केलं? बेसनाचे लाडू वळले. चौथ्या दिवशी डबा भरून तुला स्टँडवर नेलं आणि गडहिंग्लजच्या गाडीत बसवलं. "सगळ्यांच्या घरात असतंय गं, सोसायचं थोडं," असं खिडकीतनं सांगितलं. तू डबा मांडीवर घेऊन समोर बघत होतीस. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. गाडी हलल्यावर मला सुटल्यासारखं झालं. खरं आहे ते. सुटल्यासारखं झालं.

का, ते पण सांगते. तुला बघायला आले तेव्हा तुझे सासरे काय म्हणाले होते, आठवतंय? "हुंडा-बिंडा आमच्यात न्हाय हो. पोरगी आणि नारळ द्या. विहीणबाईंच्या हातचा फराळ तेवढा सणावाराला खायला घाला." सगळे हसले. मी सर्वांत जास्त हसले. चहाबरोबर माझी चकली खाऊन तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "हाताला सोन्याचं कडं घालाय पायजे तुमच्या." माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, तुझ्या पप्पांनी कधी 'बरी झालीय' यापुढं गाडी नेली नव्हती. आणि इथं परकी माणसं सोन्याचं कडं म्हणतात! मी भुलले गं.

पहिल्या दिवाळीला पाच डबे गेले. दुसरीला अकरा, कारण त्यांच्या भावकीतही माझी चकली आवडायला लागली होती म्हणे. मग संक्रांत आली, आखाड आला, त्यांच्या पुतणीचं डोहाळजेवण आलं. डब्यांच्या मागं हळूच दुसरं यायला लागलं. फ्रिज लहान आहे. तुझ्या कानातले झुबे हलके आहेत. आणि आदर्श डबे उचलता उचलता म्हणतो, "वैनीच्या बापानं चारचाकी दिली असती तर ही वजनं गाडीवर बांधून न्यायला लागली नसती." मी त्यालाच एक बेसनाचा लाडू दिला हातात. काय बाई आहे मी! लोकांना सांगत फिरायचे, आमच्या व्याह्यांनी एक पै मागितली नाही, माणसं लाखातली आहेत. माझ्या हाताला मान आहे समजत होते. हुंडाच होता तो, मी तळून तळून पोचवत होते. आणि तू नको म्हणालीस तर तुझंच तोंड बंद केलं.

आता झुब्यांचं.

पंचमीनंतर तू फोनवर म्हणालीस, "आई, मेथीचे लाडू पाठव. मेथी जास्त घाल. इथं कोण खात न्हाय, मलाच लागतात." मला तेव्हाच खटकायला हवं होतं. लहानपणी मेथीचा लाडू तोंडात घातला की तू दारातल्या तुळशीत जाऊन थुंकायचीस, माझा धपाटा खायचीस. पण मी म्हटलं, कंबर दुखत असेल, पोरीला अक्कल आली. पाठवले.

गणपतीत तो डबा परत आला. आपल्याकडं डबा रिकामा परत करत नाहीत, तू आठवणीनं मूठभर साखर घातली होतीस. आणि साखरेच्या खाली, कागदाखाली, तुझे झुबे. लग्नात मी घातलेले. मला काय वाटावं? मला वाटलं, हलके म्हणून परत पाठवले! मी पप्पांना न सांगता गुजरीत सोनाराकडं गेले. माझ्या बोरमाळेतले मणी मोडून त्या झुब्यांना वजन घातलं, सोनाराच्या गुलाबी कागदात बांधून पुढच्या डब्यातनं तुला परत धाडले. वर फोनवर विचारलं, "डबा मिळाला का गं? आता बरा आहे ना?" तू म्हणालीस, "बरा हाय, आई."

दसऱ्याला डबा आला. त्यात तुझं डी.फार्मचं सर्टिफिकेट, चार घड्या घातलेलं. ऐकतेस का, हे वाचून हसू नको आणि रडू पण नको. मला वाटलं, घड्या पडून फाटेल म्हणून तुला लॅमिनेशन करून हवंय. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मी ते करून आणलं. उद्याच्या डब्यात घालून परत पाठवणार होते.

गेल्या रविवारी तिसरा डबा आला. माझे हात भाजणीत होते म्हणून मदिनाभाभीनं उघडला. आत साखर नव्हती. गुलाबी कागदातले झुबे होते, सोनारानं बांधलेली दोरी तशीच, सोडलेलीसुद्धा नाही. भाभी म्हणाली, "हे काय गं?" मी तिला सगळं सांगितलं, झुब्यांचं, बोरमाळेचं, लॅमिनेशनचं. तिनं सोऱ्या खाली ठेवला. अशी ओरडली की तिची सून पळत आली.

"अगं खुळे! पोरगी डब्यातनं थोडी थोडी घरला यायलीया, आणि तू तिला दर खेपंला परत पाठवायलीस!"

संयू, मी त्या पाटावरच बसून राहिले. तेल धुरावलं, गॅस भाभीनं बंद केला. चकल्यांचा एक अख्खा घाणा त्या दिवशी कोळसा झाला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

पप्पा आले, त्यांना सांगितलं. वाटलं, मोठ्यानं बोलतील, लोक काय म्हणतील असं विचारतील. ते म्हणाले, "पंचमीला मी बी ऐकलं हुतं. दारामागंच उभा हुतो. म्हणून तर तालमीत जाऊन बसलो." एवढंच. मग गुडघा धरत उठले आणि तुझ्या खोलीत गेले. तुझ्या कॉटवर मी भाजणीची पोती रचली होती गं, खोली नव्हे, गोदाम केलं होतं. एकेक पोतं त्यांनी एकट्यानं बाहेर काढलं, मला हात लावू दिला नाही. कॉट पुसली. आज तिच्यावर नवी चादर आहे. लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट भिंतीला लावलंय, थोडं वाकडं लागलंय.

आता नीट वाच.

येत्या रविवारी सकाळी अकराला आम्ही येतोय. पप्पा, मी, मदिनाभाभी, आणि टेम्पो आपल्या गल्लीतल्या शमशुद्दीनभाईंचा. भाडं विचारलं तर ते माझ्यावरच चिडले. तुमच्या दारात उभं राहून मी सांगणार, "आमचे डबे न्यायला आलोय." तीन वर्षांत साठावर गेलेत, निम्मे परत आलेले नाहीत. डबे मागायला आईबाप आले तर कोण काय बोलणार? आणि बोललेच तर बोलू देत. मी शिवाजी पेठेतली आहे, माझा आवाज त्यांनी अजून ऐकलेला नाही. तू बॅग भरू नकोस, कपडे घेऊ नकोस. पायात चप्पल घाल आणि टेम्पोत बस. डबे तिथंच राहिले तरी चालतील.

पण ठरवायचं तू. मागच्या वेळी तुझं मीच ठरवलं, ते परत करणार नाही. शनिवारी दुपारी मी फोन करीन. स्पीकर असू दे. यायचं असेल तर एवढंच म्हण, "आई, लाडवांत मेथी जास्त झालीय." मला कळेल. आणि नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही, पुढच्या शनिवारी परत फोन करीन, त्याच्या पुढच्या शनिवारी परत. मात्र या घरातून आता एकही डबा तिकडं जाणार नाही. हे उद्याचे शेवटचे.

सोमवारी पहाटे पहिली अंघोळ आहे. उटणं कालवून ठेवते. लहानपणी पाणी कढत आहे म्हणून किंचाळायचीस, तशी किंचाळ. सगळी पेठ जागी होऊ दे.

लाडू खाऊ नकोस, लई कडू झालेत.

तुला पुन्हा त्या गाडीत बसवणार नाही, अशी
तुझी आई