गुलमोहराची वाळकी फांदी

बुधवार, ९ एप्रिल
लसीकरण. अठरा लेकरं. उपकेंद्राच्या ओट्यावर आडवी गेलेली गुलमोहराची मोठी फांदी वाळलीच आहे, आता शंका नाही. स्टुलावर चढून बुडाशी खिळ्यानं साल खरवडली. बाकीच्या फांद्यांना आत हिरवं, हिच्यातून नुसता भुसा. खाली बाया लेकरं मांडीवर घेऊन बसतात. सगळ्यांना उठवून फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली बसवलं. सुमन (आमची आशा सेविका) म्हणाली, बाई, हे दर बुधवारी करायचं का? अर्ज लिहिला. तिसरा.

गुरुवार, १० एप्रिल
अर्ज द्यायला स्वतः तालुक्याला गेले. तालुका आरोग्य अधिकारी साहेब म्हणाले, सिस्टर, उन्हाळ्यात गुलमोहर असाच दिसतो, पानं येतील. खिळ्याचं सांगितलं तर शेजारच्या बाबूकडं बघून हसले. सोळा वर्षं त्या झाडाखाली सुया टोचते आहे. मला कळत नाही, न बघता यांना कळतं. अर्जावर शिक्का मात्र मारून घेतला. जीपमध्ये डोकं ठणकत होतं.

सोमवार, २१ एप्रिल
आदेश आला! मी लिहिलं होतं "गुलमोहराची वाळलेली एक फांदी". आदेशात "आवारातील धोकादायक झाडाची छाटणी". कोणतं झाड? फोन केला. म्हणे ठेकेदाराला कळतं.

मंगळवार, २९ एप्रिल
महिन्याची मीटिंग, दिवसभर तालुक्याला. संध्याकाळी परत आले तर फाटक ओळखू येईना. लिंब नाही. म्हणजे खोड आहे, वर तीन थोटकं. हिरव्यागार फांद्या ट्रॅक्टरमध्ये भरून नेल्या. गुलमोहराची वाळकी फांदी जागच्या जागी.
सुमन एकटी होती. तिनं आडवं येऊन सांगितलं की ते झाड न्हाई, हे झाड. ठेकेदाराची माणसं म्हणाली, तुमी आशा हाव, तुमचं काम करा.
ठेकेदाराला फोन लावला. न लाजता बोलला, "ताई, गुलमोहराच्या लाकडाला कोण विचारतं?"
जेवले नाही. यांनी दोनदा विचारलं काय झालं म्हणून.

बुधवार, ३० एप्रिल
आज बाया उन्हात. पदर लेकरांवर, स्वतःचं डोकं उघडं. आत खोलीत मावतील तेवढ्या बसवल्या.
रहीमचाचा नातीला घेऊन आले होते. आसपासच्या गावांतल्या आंब्यांची छाटणी तेच करतात. लिंबाच्या खोडाभोवती फिरून थोटकं बघितली. साल खोडापर्यंत सोलून आली आहे. म्हणाले, "आधी खालून काप द्यायचा, मग वरून. न्हाई तर फांदी सालटं घेऊनच खाली येते. हे काय छाटणी करून राहिले?"
गुलमोहराकडं बघून म्हणाले, तासाभराचं काम आहे, सांगा, आत्ता चढतो.
मी म्हटलं, परवानगी येऊ द्या, चाचा.

शनिवार, ३ मे
चौथा अर्ज. ओट्याभोवती दोरी बांधली, लाल चिंध्या लावल्या. पाटी लिहिली: खाली बसू नये. सरपंचबाईंचे मालक येऊन म्हणाले, बाहेरचं कोणी आलं तर वाईट दिसतं. दोरी सोडली नाही.

बुधवार, १४ मे
आजचं आजच लिहिते.
गुलमोहर फुलला आहे, ती फांदी सोडून. आवारात सावली उरली ती त्याच्याच खाली. बाया दोरी ओलांडतात, मी उठवते, पुन्हा बसतात. त्यांना काय बोलणार? ऊन बघवत नाही. अकराच्या सुमारास एक बाळंतीण पाजायला ओट्यावर बसली, दीड महिन्याचं लेकरू. मी आत सुई भरत होते, सुमनला म्हटलं, तिला उठव. वारा नव्हता. पानही हलत नव्हतं. कडाडलं आणि
सुमननं बाईला ढकललं. लेकरू पदरात, रडलं फक्त. बाईच्या कोपराला खरचटलं. सुमनच्या डाव्या मनगटावर फांदीचा शेंडा आला. हिंगोलीला नेलं, हाड मोडलं आहे, प्लास्टर. जीपमध्ये ती मलाच धीर देत होती.
चाचा चढतो म्हणाले होते. मी परवानगी म्हटलं. मी.

गुरुवार, १५ मे
सकाळी चाचांना बोलावलं. कोणाला विचारलं नाही. निम्मी फांदी अजून वर लटकत होती. त्यांनी आवार रिकामं करायला लावलं, फांदीला दोर बांधला, दोन तुकडे करून सावकाश खाली सोडले. मग बुडाचा काप, खालून, वरून. खोडाला ओरखडा नाही. लाकूड आतून पोकळ, मुंग्यांनी भरलेलं. एक तुकडा कपाटात ठेवला. तासही लागला नाही.

सोमवार, १९ मे
ठेकेदाराचा माणूस कागद घेऊन आला. "छाटणीचे काम समाधानकारक पूर्ण झाले." खाली माझी सही हवी. तारीख २९ एप्रिल. म्हटलं, लिंबाच्या खोडाला विचारून या. तो म्हणाला, बाई, सगळे करतात सही. कागद परत दिला.

शुक्रवार, २३ मे
नोटीस. विनापरवानगी शासकीय आवारातील झाड तोडल्याबद्दल खुलासा करावा. तीन दिवसांत. लिंबाबद्दल अक्षर नाही. सुमनबद्दल अक्षर नाही. चार अर्ज, त्यांचा उल्लेख नाही. दोनदा वाचली. नंतर ओपीडीत एका म्हातारबाबांवर उगीच ओरडले, मग माफी मागितली.
हे म्हणतात, गोड शब्दांत लिही, निवृत्तीला किती वर्षं राहिली. बराबर आहे त्यांचं. गोड शब्द सुचत नाहीत.

रविवार, २५ मे
खुलासा लिहिला. पाच पानं. शिक्के मारलेल्या अर्जांच्या झेरॉक्स, सुमनचा एक्स-रे, दोन्ही झाडांचे फोटो. चाचांचं नाव घातलं नाही, "माझ्या सांगण्यावरून" एवढंच.
दुपारी सुमनच्या घरी जाऊन वाचून दाखवला. तिची सासू म्हणाली, आशाचं काम जाईल, हिला मधात घेऊ नका. मी सुमनला म्हटलं, बरं, जिथं जिथं तुझं नाव आहे तिथं "एक कर्मचारी" लिहिते.
सुमन म्हणाली, "काहून? हात तर माझा मोडला. माझं नाव राहू द्या, बाई. डावा मोडलाय, सही उजव्यानं करते."
सासू उठून आत गेली. सुमननं सही केली, माझ्या सहीखाली. कागद दाबून धरायला दुसरा हात नव्हता, तो मी धरला.
उद्या पहिल्या जीपनं तालुक्याला.