बाटलीतलं लाल तेल

देवेश,

कारापूरच्या माणसाशी फोनवर भांडू नकोस. त्यानं गाडी खराब दिली नाही, माझ्याच हातून झालं. खाणीवरच्या ट्रकचं तेल आम्ही इंजिन बंद ठेवूनच बघायचो, तसंच ह्या ऑटोमॅटिकच्या गिअरचं बघितलं. खुणेच्या वर दिसलं म्हणून नळीनं बाटलीभर काढलं. आता रेस दिली तरी जागची हलत नाही. पुस्तक म्हणतं, इंजिन चालू ठेवून बघा! बंद असता जास्त, चालू असता कमी; माझं डोकंच चालेना. मिस्त्रीला आणायला बसनं म्हापशाला जातोय. ओट्यावरच्या बाटलीत कोकमाचं आगळ नव्हे, तेच तेल आहे, आईला सांग.

तेल काढण्याआधी गाडी घेऊन अंगणात एकट्यानं दोन फेऱ्या मारल्या. हिला क्लचच नाही, लुळा डावा पाय लागलाच नाही रे.

बाबा