पाहुण्यांसाठी सात पाकळ्या

दि. ४ फेब्रुवारी

चि. ठकीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गुडघा दुखतो म्हणतेस, मग जिने चढायची हौस आवर. माझं विचारशील तर मी आपल्याच घरात सध्या प्रदर्शनाच्या पडद्यामागे राहते.

आपल्या राणीसरकारांनी, म्हणजे दादाच्या बायकोने, आता आठवड्यातून तीनदा परके पाहुणे आणायला सुरुवात केली आहे. स्थानिक कुटुंबात एक दिवस, म्हणे! एरवी दुपारी बारापर्यंत गाऊनमध्ये फिरणारी ही बया त्या दिवशी आजीचा जरीचा पोशाख चढवते. मागून अकरा पिना लावलेल्या. स्वयंपाक मी गॅसवर करायचा, आणि पाहुणे आले की पातेलं अंगणातल्या चुलीवर नेऊन ठेवायचं. खाली दाखवण्यापुरता धूर. बाजारातल्या बरणीतलं लोणचं सासूबाईंच्या हातचं म्हणून वाढते. आईने जन्मात लोणचं घातलं नव्हतं, तुला माहीत आहे. पाहुणेही तसलेच. दोन घास खाऊन डोळ्यांतून पाणी काढतात आणि अप्रतिम म्हणतात.

हेही सोसलं असतं गं. पण जेवणं झाली की ती बाबांच्या विणायच्या मागावर जाऊन बसते! धोटा धरायची अक्कल नाही, आणि त्या पाहुण्यांनाही एकेक ओळ घालू देते. परवा एका बाईने कापडावरच्या एका फुलाला सातच पाकळ्या कशा, बाकीच्यांना तर आठ, म्हणून विचारलं. मी आतून कान देऊन ऐकत होते. आपलं ध्यान म्हणतं की आमच्या घराण्यात एक पाकळी मुद्दाम सोडतात, नजर लागू नये म्हणून. कुठलं घराणं? बाबांनी सात पाकळ्या बघितल्या असत्या तर धोटा फेकून मारला असता. पाहुण्यांनी नासवलेलं झाकायला कसली थाप मारली बघ.

ते आठ पाकळ्यांचं फूल आता माझ्याशिवाय कुणाला येत नाही. माझ्यामागे ते गेलंच. निदान मी आहे तोवर तरी ते धड विणलं जावं, एवढंच माझं मागणं आहे. तू दादाला खरमरीत लिही, माझं तो कानावर घेत नाही. हा तमाशा बंद झाला नाही तर मी माग सोडवून तुझ्याकडे येते, मग तुझा दिवाणखाना गेला म्हणून समज.

मुलांना आशीर्वाद. माया आहेच, ती बोलून पातळ करू नकोस.

तुझी ताई

दि. १२ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसून हसून पुरेवाट झाली. अकरा पिना तू मोजल्यास, यातच सगळं आलं. वहिनीचं सोंग मला नवं नाही. माझ्या लग्नात तिने लुगडं उलटं नेसून मिरवलं होतं. माग घेऊन खुशाल ये, आमचे हे जिन्यात झोपतील.

पण दादाला मी अजून लिहिलेलं नाही. रागावू नकोस. मागच्या वर्षी तू मला शाल पाठवलीस, तेव्हा पाहुण्यांचा पत्ता नव्हता. माग तुझाच, हात तुझाच. त्या शालीत तीन फुलांना सात पाकळ्या आहेत. मी दोनदा मोजल्या आणि गप्प बसले, कारण तुला चूक दाखवायची हिंमत आपल्या घरात बाबांनंतर कुणाची नव्हती.

ताई, सुईत दोरा तू स्वतः शेवटचा कधी ओवलास? डॉक्टरकडे जा. माझ्यावर हवं तेवढं ओरड, पण जा.

तुझ्या रागासकट तू मला हवी आहेस.

तुझी ठकी

दि. २० फेब्रुवारी

चि. ठकीस, आशीर्वाद. तुला ते द्यायचे नव्हते, पण सवय.

तुझं पत्र वाचून चार दिवस तुझं नाव काढलं नाही. मग विणलेलं कापड उलगडून दारातल्या उन्हात नेलं. पाहुणे यायच्या आधीचं, माझंच. एकाच फुलाच्या पाकळ्या एकदा सात भरल्या, एकदा आठ, एकदा नऊ. शेवटी राणीसरकारांना हाक मारली. ती भांड्यांचे हात पुसत आली. किती आहेत म्हणून विचारलं, तर खाली बघून म्हणाली की सात, वन्सं. वर्षभर माहीत होतं तिला! मी धागा चाचपते ते पाहुण्यांना दिसू नये, म्हणून मला स्वयंपाकघरात ठेवलं आणि स्वतः मागावर बसली. ती थापही माझ्याचसाठी होती. मेलीने माझ्यावर दया केली, ठके. तिने! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

डॉक्टरकडे तीच घेऊन गेली. एक डोळा गेल्यातच जमा आहे, दुसऱ्याचं सांगता येत नाही म्हणाले.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. लग्न होऊन आली त्या महिन्यात ती मागाशी येऊन बसली होती, शिकवा म्हणून. हे हात भांडी घासायचे आहेत, ऊठ, असं मी म्हटलं होतं. ती उठली, आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

काल मीच तिला बस म्हटलं. तिने दोनदा विचारलं, खरंच बसू का म्हणून. हात काय वाकडा, देवा! धोटा लाटण्यासारखा धरते. सकाळपासून मी ओरडत होते, ती गुमान विणत होती. संध्याकाळी एक फूल झालं. मोज म्हटलं. आठ म्हणाली. खरं सांगते की पुन्हा दया करते, मला कळायला मार्ग नाही. मी म्हटलं, पुढचं घे.

दादाला लिहू नकोस. तुझी माया लागते, पण बोलून दाखवायला लावू नकोस.

तुझी ताई

(ठकीने समासात लिहून ठेवलं: या पत्राचं अक्षर वहिनीचं आहे. ताईने सांगितलेलं, स्वतःविषयीचंही सगळं, तिने जसंच्या तसं लिहिलं.)