अर्धा पेरू

चाकूर, मंगळवार, संध्याकाळ

शुगर निघाल्यापासून वर्षभर ह्यांनी फळाला हात लावला नाही. परसातले पेरू स्वतःच्या हातानं लावलेले, तरी सगळे शेजाऱ्यांना वाटून टाकायचे.

आज लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रस नको, पण अर्धा पेरू चावून खा. दोन तासांनी तपासून बघा."

घरी आल्यावर मी पेरू कापला. अर्धा पेरू ह्यांनी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. शेवटी सालीसकट खाल्ला. दोन तासांनी बोट टोचलं, तर आकडा थोडासाच वर. इतके दिवस उगाच भ्यालो का आपण?

उरलेला अर्धा ह्यांनी माझ्यापुढं सरकवला. "खा आता. माझ्यामुळं तू बी वर्षभर खाल्ला न्हाईस."

म्हणजे ह्यांच्या ध्यानात होतं.